बाभळीच्या ओरखड्याचं जाकीट

विमानाचा आवाज आला की आमच्या वावरातले सगळे खाली मान घालून फुलं तोडत राहायचे आणि मी एकटी मान वर करून उभी राहायचे. ओझरचा विमानतळ जवळ, त्यामुळे विमानं आम्हाला रोजचीच. आई म्हणायची, रोज कावळे बघतेस का अशी उभी राहून? पण मी बघायचेच. विमान दिसेनासं झाल्यावरही आवाज मागे रेंगाळायचा, आणि तो पुरता विरेपर्यंत माझ्या हातून एक झेंडू तुटायचा नाही. घरात माझ्या आळशीपणाची जी ख्याती होती, तिला ही विमानं बरीचशी जबाबदार होती.

आमचं वावर आडगावच्या अलीकडे, आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर आणि थोडा निशिगंध. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं आणि फुलांच्या बाबतीत भलतेच कडक. फुलं म्हणजे देवाचा माल, हे त्यांचं एकच वाक्य सगळ्या प्रश्नांना पुरायचं. तोडलेल्या फुलांच्या ढिगाजवळ चप्पल घालून जायचं नाही, देवाआधी आपण वास घ्यायचा नाही, आणि चामडं तर फुलांच्या आसपास फिरकूही द्यायचं नाही. पट्टा नाही, पाकीट नाही, पर्स नाही. नाना स्वतः रबरी चपला घालायचे आणि पैसे कापडी पिशवीत ठेवायचे.

यावरून मी एकदा वादही घातला. म्हटलं, आपल्या विहिरीवर पूर्वी मोट होती, ती चामड्याचीच होती ना? लहानपणी तिला तेल चोळायचं काम तुमच्याकडेच होतं, हे तुम्हीच सांगता. मग त्या मोटेच्या पाण्यावर वाढलेली फुलं देवाला कशी चालली? नाना म्हणाले, "मोट येगळी." कशी वेगळी, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी जिंकले असं समजून मीही पुढे विचारलं नाही.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. जानेवारीतली सकाळ, चांगलीच थंडी. रोडच्या कडेला आम्ही हार विकायला बसलो होतो. एक माणूस नवी कोरी मोटारसायकल घेऊन थांबला. तिला हार घालायचा होता. त्याच्या अंगात तपकिरी चामड्याचं जाकीट होतं, कमरेला आणि मनगटाला विणलेली लोकर, पुढे पितळी चेन, छातीखाली दोन झाकणाचे खिसे. तो ओझरचा पायलट होता की नुसताच तिकडचा कारकून, देव जाणे. मी मात्र त्याला तिथल्या तिथे पायलट करून टाकलं. हार निवडायला तो वाकला आणि त्याची बाही सुट्या शेवंतीच्या ढिगाला घासून गेली. नानांनी हार बांधून दिला, नमस्कार केला. तो गेल्यावर त्यांनी ढिगाच्या त्या बाजूची दोन ओंजळी फुलं उचलली आणि मागे बांधलेल्या शेळ्यांपुढे टाकली.

म्हणजे बघा, मला जे हवंय ते आणि ते मला का मिळणार नाही ते, दोन्ही मला एकाच मिनिटात कळलं. शेळ्या मात्र खूश झाल्या.

पुढे कॉलेज संपलं त्याच सुमारास नानांचा गुडघा गेला आणि पहाटे फुलबाजारात माल न्यायचं काम माझ्याकडे आलं. मोपेडवर मागे दोन पाट्या बांधायच्या आणि आडगावहून पंचवटीकडे सुटायचं. नाशिकची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काही सांगायला नको. द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवतात ते काही हौसेनं नाही. मी दोन स्वेटर, वर नानांचा मफलर आणि त्याही वर आईची शाल असा थाट करून निघायचे, आणि तरी वारा त्या सगळ्यातून आरपार जायचा. लोकरीला भोकं असतात, हे मला त्या वर्षी कळलं. वारा अडवायचा तर चामडंच पाहिजे. आता हे मी थंडीपायी म्हणत होते की नववीतल्या त्या सकाळीपायी, हे मला विचारू नका. मला स्वतःलाच विचारायची हिंमत नव्हती.

देवळाली कॅम्पात एक म्हातारा जुन्या लष्करी जाकिटांच्या हुबेहूब नकला शिवतो, हे मला एका मैत्रिणीनं सांगितलं. अ‍ॅस्टरचे दोन वाफे नानांनी माझ्या नावे सोडले होते. त्यांचे पैसे मी दोन हंगाम जपले होते. घरी सांगितलं की थंडीसाठी रेक्झिनचं जाकीट आणते. नाना म्हणाले, "रेक्झिन का? मंग आण." हे वाक्य पुढे मला बराच काळ टोचत राहणार होतं, पण त्या दिवशी मी शिट्टी वाजवत कॅम्पात गेले.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेर बूट, पट्टे, पिस्तुलाची म्यानं. आत शिरल्याबरोबर तो वास आला, तेलाचा आणि चामड्याचा, आणि मला उगीचच हसू फुटलं. म्हातारा मशीनवर बसला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"कोणाला पाहिजे? भावाला?" त्यानं विचारलं.

"मला."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग बेटा, आधी बसून चहा घे. तुझ्या मापाचं शोधायला वेळ लागेल."

मी बसणं शक्यच नव्हतं. छतापासून जाकिटंच जाकिटं टांगलेली. मी एकेकाला हात लावत सुटले. मधोमध एक खुंटीवर एकटंच होतं, कॉलर कुरतडलेली, अस्तराच्या चिंध्या. मी त्याच्याकडे हात नेला तसा म्हातारा म्हणाला, "ते फक्त बघायचं." ते अस्सल. मोठ्या लढाईच्या वेळचं, त्याच्या वडिलांना कुणा गोऱ्या साहेबानं दिलेलं, असं तो म्हणाला. खरंखोटं त्यालाच ठाऊक. त्याची एका बाजूची शिवण उसवून वडिलांनी कागदावर माप उतरवलं होतं आणि त्याच कागदावरून हा माणूस चाळीस वर्षं नकला कापत होता. कागद इतका जुना झाला होता की त्यालाच आता कापडाचं ठिगळ लावलं होतं.

"असलं जाकीट कितीला मिळेल?" मी विचारलं.

"मिळणार नाही. आणि मिळालं, आणि तू ते घालून मोपेडवर बसलीस, तर मला रडू येईल. नकल घे. नकल घालायला असते."

हे मला फार पटलं. ज्याला जपावं लागतं ते अंगात घालून मजा नाही.

आधी मी इमानेइतबारे रेक्झिनचं घालून पाहिलं, घरी शब्द दिला होता म्हणून. आरशात दिसत होतं ठीक. पण हात वाकवला की कुरकुर वाजायचं, आणि वास शाळेच्या नव्या दप्तराचा. शिवाय ते इतकं चकचकीत की बाजारात फुलांपेक्षा मीच जास्त चमकले असते. मुळात ही जाकिटं म्हणजे नकल, आणि हे त्या नकलेची नकल. मी ते काढून टाकलं आणि त्या क्षणी माझा शब्दही तिथंच खुंटीवर राहिला. हे मला कळलं होतं. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

मग खरी मौज सुरू झाली. म्हाताऱ्यानं काउंटरवर तीन जाकिटं मांडली आणि डोळे मिटून हात फिरवायला सांगितलं. पहिलं म्हशीचं. जाड, दणकट आणि इतकं जड की अंगात घातल्यावर कुणीतरी मागून खांदे दाबून धरल्यासारखं वाटलं. दुसरं मेंढीचं. त्यात हात घातला आणि मी जवळजवळ पाघळलेच, इतकं मऊ. पण म्हाताऱ्यानं कोपऱ्यावर नखानं हलकेच रेघ ओढली आणि ती रेघ तशीच राहिली. "हे लग्नात मिरवायला," तो म्हणाला. "तू पाट्या उचलतेस. महिन्यात फाडशील." तिसरं शेळीचं. बारीक दाणेदार, पातळ, पण ओढलं तरी तक्रार नाही. मी विचारलं, गाईचं तर यात कुठलं नाही ना? तो म्हणाला, गाईचं मी दुकानात ठेवतच नाही, तू निर्धास्त राहा. तेवढ्यावर माझ्या मनाला बरं वाटलं, आणि खोटं बोलायला निघालेल्या माणसाला असलं बरं वाटणं किती सोयीचं असतं, ते मी आज सांगू शकते.

मला केसाळ कॉलरचं हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मी त्यातच दिसत होते. म्हातारा म्हणाला, "ते वर आकाशात बर्फ असतो त्या उंचीवर घालायचं. आडगावात घातलंस तर उकडलेल्या बटाट्यासारखी होशील." मी हट्टानं घातलं. पाच मिनिटांत कपाळावर घाम. उतरवलं आणि साध्या कॉलरवर आले.

मग त्यानं मला स्टुलावर बसवलं. दोन्ही हात पुढे, मोपेडचा दांडा धरल्यासारखे. उभं राहून सगळीच जाकिटं छान बसतात म्हणे. बसल्यावर पाठ वर सरकते आणि कंबर उघडी पडते. त्या कसोटीत माझी लाडकी दोन नापास झाली. मग एका हातानं चेन लावून बघ, हातमोजे घालून बघ, काखेत घट्ट होतं का बघ. मी स्टुलावर बसून गाडी चालवत होते, वळणं घेत होते. तोंडानं आवाजही काढला असेल. बाहेर उभा असलेला एक फौजी हसत होता. हसू दे म्हटलं.

सगळ्या कसोट्यांतून एकच पार पडलं. गडद तपकिरी, शेळीचं, कुणा वकिलानं शिवायला सांगून नाकारलेलं. वकील अंगानं बारीक असावा, कारण खांदे मला नेमके बसले. नाकारायचं कारण पाठीवर होतं. डाव्या फऱ्यावर, म्हणजे खांद्याच्या पात्यावर, वीतभर लांब, किंचित नागमोडी ओरखडा, चामड्यातलाच.

"शेळी जिवंत असतानाचा आहे," म्हातारा म्हणाला. "बाभळीत शिरली असणार. लोकांना डाग नको असतो. म्हणून तुला परवडतंय."

मी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि जाकीट माझं झालं. आमच्या बांधावर अशाच बाभळी आणि अशाच आगाऊ शेळ्या होत्या. ते वकिलाला कुठून कळणार. मी ते अंगात घालूनच परत निघाले, भर दुपारी, उन्हात, घामाघूम. नाशकातला द्वारका चौक येईपर्यंत चेन खाली केली नाही.

घरी नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, बाहीला हात लावला, कॉलर चिमटीत धरली. मग मला पाठमोरं उभं केलं.

"हा ओरखडा कशाचा?"

"दुकानात खिळ्याला अडकलं होतं," मी म्हणाले. "म्हणून स्वस्तात दिलं."

"हं," नाना म्हणाले. "थंडीला बरंय रेक्झिन."

मी सुटले. खोटं इतकं सहज पचलं याचा मला आनंदही झाला, आता लपवून काय करू.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या जाकिटात आडगाव सोडलं आणि पहिल्यांदाच वारा माझ्यापर्यंत पोहोचला नाही. तो समोरून येत होता, छातीवर आपटत होता, आणि बाहेरच्या बाहेर निघून जात होता. मी रिकाम्या रस्त्यावर मोठमोठ्यानं ओरडत गेले. शब्द नव्हते, नुसतंच ओरडणं. एरवी ज्या विमानांसाठी मी मान मोडून घेतली होती, त्यातल्या एकात बसल्यासारखं मला पंचवटीपर्यंत वाटत राहिलं.

त्या दिवसापासून नाना एक नवीन गोष्ट करू लागले. मागच्या पाट्या माझ्या पाठीला टेकायच्या. गुडघा धरत ते पहाटे उठायचे, विहिरीजवळून केळीचं पान तोडून आणायचे आणि माझी पाठ आणि पाटी यांच्यामध्ये ते उभं लावून सुतळीनं बांधायचे. मी विचारलं तर म्हणाले, "वाऱ्यानं फुलं सुकत्यात." पुढून वारा येतो आणि मध्ये मीच बसलेय, मग पाठीमागे कसला वारा, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मला नाही पडला. माझं सगळं लक्ष चेनकडे.

बाजारात आमचा निम्मा झेंडू एक मावशी घ्यायच्या. त्यांचे हार देवळात जायचे, त्यामुळे त्या नानांच्याही वरताण सोवळ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "चामड्याचं हाय का गं हे?" मी म्हणाले, "नाय मावशी, रेक्झिन." एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला काहीच लागत नाही.

संक्रांतीच्या आधी माल जास्त होता म्हणून नाना टेम्पोत बसून बाजारात आले. मावशींनी त्यांनाच गाठलं. मी पाटी उतरवत होते, तिथंच थांबले.

"नाना, तुम्ही माळकरी माणूस, तुम्हीच सांगा. पोरीचं जाकीट चामड्याचं नाय ना? माझा हार गाभाऱ्यात जातो."

नानांचा हात माळेवर गेला. माळेचा एक मणी त्यांनी बोटांत फिरवला. मग म्हणाले, "पोरगी रेक्झिन म्हणती."

"मंग झालं," मावशी म्हणाल्या आणि फुलं निवडू लागल्या.

परत जाताना नाना माझ्या मागे मोपेडवर बसले होते आणि सबंध रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. गुडघा दुखत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. माझ्या शब्दावर ते देवाच्या गोष्टीत उभे राहिले होते. पण खरं सांगितलं की जाकीट जाणार, आणि ती भीती लाजेपेक्षा मोठी होती. मी गाडी जरा जोरात चालवली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऊन चढायला लागलं. एका दुपारी मी शेवंतीला पाणी देऊन घरी आले तर माझं जाकीट ओट्यावर पालथं पसरलेलं. शेजारी एरंडेलाची वाटी. नाना मांडी घालून बसले होते, गुडघा एका बाजूला लांब करून, आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं जाकिटाला तेल चोळत होते. गोल गोल, हलक्या हातानं, शिवणीशी थांबत, पुन्हा पुढे जात. हे काम त्यांनी हजार वेळा केलेलं आहे, हे बघणाऱ्याला न सांगता कळावं अशा हातानं.

मी दारातच उभी राहिले. "नाना," मी म्हणाले, "रेक्झिनला तेल लावत्यात का?"

"तुझ्या रेक्झिनला लागंल. उन्हाळा येतोय. नाय लावलं तर तडकंल." त्यांनी फडकं डाव्या फऱ्यावर आणलं आणि त्या ओरखड्यात बोटानं तेल जिरवलं. "शेळी बाभळीत शिरली हुती. खिळ्याचा ओरखडा सरळ जातो. हा जिवंतपणी भरून आलाय, बघ."

एवढ्या जाकिटांतून मी ज्या खुणेवर भाळून ते निवडलं, तीच खूण, ज्यानं मोट सांभाळली त्या माणसाला, मी पाठमोरी उभी राहून दाखवली होती, आणि वर खिळ्याची गोष्ट सांगितली होती. रेक्झिनला कधी बाभूळ लागत नाही, एवढंही मला सुचलं नव्हतं. मग मला केळीचं पान आठवलं. रोज पहाटे, त्या गुडघ्यानिशी, विहिरीपर्यंत जाऊन आणलेलं. मी ओट्यावर बसले आणि मला रडू आलं.

"पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुला लय थंडी वाजायची," नाना म्हणाले. फडकं वाटीत बुडवत ते पुढे म्हणाले, "फुलांचं मी पाहत होतो. पण बाजारात माझी जीभ अडली. मावशीला उद्या सांग." आणि त्यांनी फडकं माझ्याकडे दिलं. "बाही तू चोळ."

आम्ही दोघांनी मिळून वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी नानांच्या आधी उठून मी केळीचं पान तोडून आणलं. घाईत उलटं लावलं. नाना बाहेर आले, त्यांनी ते सुलटं केलं आणि सुतळीची गाठ माझ्याकडून मारून घेतली.

बाजारात मी मावशींना सांगितलं. चामड्याचं आहे, शेळीचं आहे, मी खोटं बोलले, आणि नाना माझ्यामुळे गप्प बसले. उद्यापासून तुम्ही माल नाही घेतला तरी चालेल. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मोपेडजवळ गेल्या आणि पानाला हात लावून बघितलं.

"हे पान कोण लावतं?"

"आज मी. याआधी रोज नाना."

"जाकीट आल्यापासून?"

"पहिल्या पहाटेपासून."

त्या बराच वेळ पान चाचपत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ते जाकीट तिकडं गाडीला अडकव आणि पाटी उचलून इकडं आण."

मी जाकीट काढलं, मोपेडच्या दांड्याला अडकवलं, आणि कुडकुडत पाटी उचलली.